अक्काने शेंदलेलं पाणी

चमत्काराच्या विरोधातल्या पत्रकांना घड्या घालत मी लहानाची मोठी झाले. वडील निलंग्याच्या बाजारात पोतं अंथरून पुस्तिका विकायचे आणि शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्या शेजारी बसून पत्रकं वाटायची. नवस बोलू नका, अंगात येतं ते ढोंग, दैवावर हवाला ठेवू नका. हे मला शाळेतल्या कवितांच्या आधी पाठ झालं. वडील गेल्यावर पत्रकं मीच लिहू लागले. त्यामुळे एका धम्मबांधवाने 'तुझा अनुभव लिही' असं सुचवलं, तेव्हा मी बरेच दिवस टाळाटाळ केली. आमच्या घरात कृपा हा शब्द शिवीसारखाच होता. आजही तो माझ्या तोंडात नीट बसत नाही. पण दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात जे माझ्या दाराशी आलं, त्याला दुसरं नावही मला सापडलेलं नाही. म्हणून काही सिद्ध करायच्या भरीस न पडता, घडलं तसं सांगते.

समुद्रापलीकडच्या एका बौद्ध देशात एका विहाराला जोडून एक घर आहे. ज्यांचं कुणी नाही आणि ज्यांच्यावरचे उपचार डॉक्टरांनी थांबवले आहेत, अशी माणसं तिथे शेवटचे दिवस काढतात. त्यांना अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं ही कामं स्वयंसेवक करतात. नांदेडच्या विहारातल्या भंतेजींनी तिकडे माझं नाव कळवलं, वर्षभरासाठी बोलावणं आलं आणि मी लांब मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज केला. आईला लकवा मारल्यापासून तिचं सगळं मीच करत होते. ते करताना लक्षात आलं होतं की हे काम मला येतं. पत्रक वाचून माणूस बदलतो की नाही, हे लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही. पण ओल्या फडक्याने पाठ पुसली की आई डोळे मिटायची, ते मला दिसायचं. मुदखेडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहणारी ताई नुकतीच बाळंत झाली होती. तिला उठता-बसता आलं की ती आईला घेऊन जाणार आणि मग मी निघणार, असं ठरलं होतं. आईची ना नव्हती. उलट तीच माझ्या मागे लागली होती.

व्हिसासाठी बोटांचे ठसे घेणारं फिरतं पथक नांदेडला एका लॉजच्या हॉलमध्ये बसायचं. माझा नंबर आला. काचेवर बोटं ठेवली, मशीन लाल झालं. पुसून ठेवली, पुन्हा लाल. दुसरा हात, तोही लाल. मशीनवरच्या पोराने माझा पंजा उलटा करून पाहिला.

"ताई, काम काय करता तुम्ही?"

"लिहिते."

"लिहून असे हात होत्यात व्हय? रेघाच न्हाईत बोटावर!" तो हसला, मग माझं तोंड पाहून सावरला. म्हणाला, महिन्याने पथक पुन्हा येईल, या अर्जासाठी ते शेवटचं. तोवर दोर धरू नका, सोडा-साबणात हात घालू नका, खोबरेल लावा. कातडी नवी आली तर ठसे उमटतील. नाहीतर अर्ज परत.

दोर धरू नका! आमच्या वस्तीला त्या साली दुसरं काय होतं? टँकर आला तर आला. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या बोअरला मात्र पाणी होतं. त्याने ते गावाला खुलं केलं, तेव्हा सगळ्यांनी त्याचे गोडवे गायले. पण गावासाठी तोटी कुंपणाच्या आत होती, आणि आमच्या वस्तीसाठी वेगळी नळी काढून कुंपणाच्या बाहेर सोडली होती. कुणी काही बोललं नाही, नळीच काय ते बोलत होती. मी पत्रक लिहिलं, 'कुंपणाबाहेरचं पाणी नको'. वस्तीने ते उचलून धरलं. तेव्हापासून आमच्या बाया वस्तीतल्या जुन्या आडावर जात होत्या. पाणी पार तळाला गेलेलं. पोहरा खाली टेकेपर्यंत चऱ्हाट हातातून सरसरत जायचं आणि वर येताना गढूळ पाण्याबरोबर तळहाताची साल घेऊन यायचं. त्यात आईची धुणी रोजची, धुण्याच्या सोड्यातली. बोटांच्या रेषा अशा गेल्या. मला त्या पत्रकाचा पश्चात्ताप नव्हता, आजही नाही.

त्याच दिवशी मी विहारात जाऊन भंतेजींपुढे बसले. म्हणाले, मला सूट मिळेल असं पत्र द्या.

"मशीनला पत्र वाचता येत नाही," ते म्हणाले. "महिनाभर हात स्वस्थ ठेव. कुणाकडून तरी घे."

"सगळ्यांचेच हात असे झालेत, भंतेजी. कुणाकडून घेऊ?"

"भिक्षेला निघालेला भिक्खू दार निवडत नाही."

"म्हणजे कुंपणाबाहेर ओंजळ धरून उभी राहू?" माझा आवाज चढला. मी वंदना न करताच उठले. लातूरमार्गे घरी येताना एसटीच्या खिडकीतून चौकाचौकातले फलक दिसत होते. जिल्हा तोडून आणखी एक नवा जिल्हा करा, अशी मागणी तेव्हा जोरात होती. आईला सांगितलं तर ती खाटेवरून म्हणाली, "जिल्हा नवा करत्यात म्हनं. आडाला पानी नवं येतंय का, तेवढं इचार."

वस्तीतल्या बायांनी वाटून घ्यायचं म्हटलं. पण प्रत्येकीची स्वतःची घागर भरताना कंबर मोडत होती. कुणाच्या डोक्यावर मी आणखी एक घागर टाकू? दोन दिवस त्यांच्याकडून घेतलं, तिसऱ्या दिवशी हाताला फडकं गुंडाळून आडावर गेले. पोहरा सोडणार तोच मागून कुणीतरी चऱ्हाट धरलं. कपाळाला विभूती, हातात बांगडी नाही, वयाने माझ्या आईहून थोडी लहान. बोअरवाल्या शेतकऱ्याची बहीण, शिवकांता. नवरा वारल्यावर सीमेपलीकडच्या कानडी मुलखातून भावाकडे येऊन राहिलेली. गावात सगळे तिला अक्का म्हणत. मी तिला फक्त लांबून पाहिलं होतं.

"सोड. मला दे."

"तुमचं पाणी आम्हाला नको."

"माजं कुठलं गं? आड तुमचा, पानी तुमचं. हात तेवढे माजे." ती माझ्याकडे पाहत राहिली. "का हातावरबी बहिष्कार हाय?"

गिरणीवर बायांच्या बोलण्यातून तिला माझ्या बोटांचं कळलं होतं. मला वाटलं, भावानेच पाठवलं असणार, वस्ती फोडायला. मी दोर हिसकावला, स्वतः शेंदलं आणि घागर घेऊन निघून आले. दुसऱ्या दिवशी ती माझ्या आधी आडावर होती. तिने आमची घागर भरली, डोक्यावर घेतली आणि सरळ आमच्या दारात आणून ठेवली. मी ती घागर उचलली, रस्त्यावर ओतणार होते. आईने आतून पाहिलं. लकव्याने तिचं तोंड वाकडं झालं होतं, पण जीभ शाबूत होती.

"मरायला टेकलेल्या परक्या मानसाला धुवायला समुद्र वलांडून जाऊलालीस, आन् दारी आलेल्या बाईला घागर ठिवू देईनास. कसली सेवा गं तुजी?"

मी घागर खाली ठेवली. वडिलांनी दिलेल्या सगळ्या युक्तिवादांत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. देणं मला माहीत होतं. देताना माणूस उभा असतो, मान ताठ राहते. घेताना काय करायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या माणसांनी पिढ्यानपिढ्या वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेतलं, म्हणून ओंजळ हाच मला अपमान वाटायचा. आणि ही बाई वरून ओतत नव्हती. ती आमच्या आडावर, आमचा दोर धरून उभी होती.

पुढे ती रोज आली. पाणी आणलं, मग न विचारता आईजवळ बसली, तिचं लुगडं सोडवून अंग पुसलं, सोड्यात धुणी बुडवली. मी तेल लावलेले दोन्ही हात पुढे धरून दारात नुसती उभी. मला इतकं निकामी कधी वाटलं नव्हतं. आई मात्र खुलली. एकदा म्हणाली, "माज्या अंगाला हात लावलास, आता तुला घरात घेत्याल का गं?" अक्का तिची पाठ पुसतच म्हणाली, "न्हाई घेतलं तर हितंच झोपंन. सरक थोडी, अव्वा." दोघी हसल्या. ते हसणं ऐकून मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले, कारण मला रडू येत होतं आणि डोळे पुसायला हात कोरडे नव्हते.

तिचा भाऊ एकदा रस्त्यात उभा राहून तिला हाका मारून गेला. ती आडावरून हलली नाही. दुसऱ्या सकाळी तिच्या गालावर वळ होता. मी विचारलं. "पोहरा लागला," ती म्हणाली. पोहरा असा लागत नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी म्हणाले, उद्यापासून येऊ नका. ती म्हणाली, "तुज्यासाठी येते असं कुनी सांगितलं?"

महिना सरत आला असताना एका दुपारी आई गेली. कण्हणं नाही, काही नाही. अक्का तिच्या ओठांना ओलं फडकं लावत होती, आणि आईने पुढचा श्वास घेतला नाही. मला एवढंच सुचलं की तिच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी मी शेंदणार. ते कुणाला देणार नाही. व्हिसा गेला खड्ड्यात. मी आडाकडे धावले, पोहरा सोडला. अक्का मागोमाग आली आणि तिने दोर धरला.

"सोड."

"माझी आई आहे ती!"

"म्हनूनच. शब्द घेतलाय तिनं माज्याकडून. म्हनली, मी मेल्यावर ही येडी पानी शेंदायला पळंल. तिला दोराला शिवू देऊ नको."

आडाभोवती वस्तीतल्या बाया जमल्या होत्या. महिनाभर त्यांच्यातली एकही अक्काशी बोलली नव्हती. दोराच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी, आणि माझ्या मुठी काही केल्या उघडत नव्हत्या. मग त्या उघडल्या. कशा, ते सांगता येत नाही. मी ठरवून उघडल्या नाहीत, एवढं नक्की. दोर माझ्या हातातून गेला आणि ती शेंदू लागली. तिचे तळहात फुटलेले होते, चऱ्हाटाला रक्त लागत होतं. पहिली घागर भरली तशी आमच्यातली एक म्हातारी पुढे झाली, तिने ती घागर अक्काच्या हातातून घेतली. मग दुसरीने दुसरी. त्या पाण्याने आईला अंघोळ घातली. मी फक्त तिचं तोंड कोरड्या फडक्याने टिपलं.

त्रिशरण मी हजारदा म्हटलं होतं, सभेत, जयंतीत, घोषणा दिल्यासारखं. शरण जाणं म्हणजे हार, असं मनात कुठेतरी होतंच, म्हणून तो शब्द मी भरभर उरकायची. त्या संध्याकाळी मेणबत्तीसमोर तो उच्चारताना पहिल्यांदा माझा वेग तुटला. आडावर मी हरले नव्हते. तिथे कुणीच जिंकलं नव्हतं.

काही दिवसांनी नांदेडला गेले. मशीन हिरवं झालं. "आल्या की रेघा!" तोच पोरगा ओरडला. मी रडू लागले, तेव्हा त्याला वाटलं आनंदाने. यथावकाश व्हिसा आला. पासपोर्ट घेऊन मी अक्काच्या दारी गेले. पहिल्यांदाच त्या कुंपणाच्या आत. भाऊ बाहेर येऊन म्हणाला, ती सासरी गेली. कुठलं गाव विचारलं, तर दार लावून घेतलं. ती आपण होऊन गेली की धाडली, हे मला कळलं नाही. वस्तीची नळी तेव्हाही कुंपणाबाहेरच होती.

आता मी त्या परदेशातल्या घरात आहे. इथे पहिल्या दिवशी अंघोळ घालताना बहुतेक माणसं अंग चोरतात, काही शिव्या देतात, एक आजी तर पाणी लाथेने उडवते. मला त्यांचा राग येत नाही. मी फडकं बाजूला ठेवून बसून राहते, कारण घ्यायला किती बळ लागतं हे आता मला ठाऊक आहे. काम संपल्यावर आम्ही सगळे मंगल मैत्री करतो, ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांचं भलं चिंततो. मी रोज एकाच बाईपाशी अडते. अक्का, तुमचे तळहात भरून आले असू देत. जिथे असाल तिथे तुमची घागर कुणीतरी उचलायला असू दे. हे मी कुणाकडे मागते आहे, ते मला माहीत नाही. तरी रोज मागते.