पूजा केलेली घरघंटी

लग्नानंतर मी हट्टानं घ्यायला लावलेली पहिली वस्तू म्हणजे पीठ दळायची विजेची घरघंटी. केजच्या दुकानातून ती युसूफ वडगावला आमच्या घरी आली. सासूबाईंनी गल्लीतल्या बायका जमवल्या, घंटीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. मी ज्वारी ओतून बटण दाबलं. घंटी एकदा गुरगुरली, जळका वास आला आणि ती जी बंद पडली ती पडलीच. "नव्या सुनेचा पायगुण, दुसरं काय!" एकजण पुटपुटली. पुटपुटणं कसलं, मला ऐकू जाईल अशा बेतानंच बोलली.

घंटीपेक्षा मला ते वाक्य जास्त लागलं. आमचे हे म्हणाले, "मेकॅनिक बोलवू." मी म्हटलं, दुरुस्ती कसली? नवी वस्तू बिघडलेली निघाली तर बदलून मागणं आपला हक्क आहे. सासूबाईंचं तिसरंच. "पूजलेली वस्तू माघारी देत्यात व्हय?" तरी केजला निघालेल्या टेम्पोत त्या बसल्याच, घंटीला धरून. लक्ष्मीला एकटीला कसं पाठवायचं!

दुकानदारानं पावती पाहिली आणि स्वस्तिकावर बोट ठेवलं. "ताई, ही तर वापरलेली हाय. कुंकू लागलेला माल मी कुणाला इकू? दुरुस्त करून देतो."

मी ग्राहक मंचाचं नाव काढलं. तो गालात हसला. अशा धमक्या तो रोज चहाबरोबर पीत असावा.

घंटीला टेकून बसलेल्या सासूबाई उठल्या. "का रं बाबा? दसऱ्याला तू आख्ख्या दुकानाला कुंकू लावतूस. मंग समदा माल वापरलेलाच इकतूस का?"

गिऱ्हाइकं खदखदून हसली. एका बाईनं तर हातातला मिक्सर उलटासुलटा करून कुंकू शोधायला घेतलं. दुकानदार दुसरी घंटी काढायला गोदामाकडं गेला.

बदलून मिळालेली घंटी घरी आली तेव्हा गल्ली पुन्हा जमली, या खेपेला माझी फजिती बघायला. हीही बंद पडली असती, तर पायगुणाचा शिक्का जन्मभर पुसला नसता.

"आत्या, तुम्हीच चालू करा," मी सासूबाईंना म्हटलं.

"तूच कर. बंद पडली तर तिसरी आणू," त्या सगळ्यांकडं बघत म्हणाल्या. "घंटी कितींदा बी बदलू. सून मला बदलायची न्हाई."

मी बटण दाबलं. पीठ पडायला लागलं, पण तिकडं माझं लक्षच नव्हतं.