विकतच्या पाहुण्यांना आवतण

मनुबाईशी मी आयुष्यात दोनदाच भांडले. एकदा तिच्या कोंबड्या माझ्या वालाच्या वाफ्यात शिरल्या तेव्हा, आणि एकदा ती मला खाडीच्या पाण्यावरून चालत येणारी माणसं दाखवू लागली तेव्हा. कोंबड्यांचं एक वेळ समजू शकते.

आमचं गाव आगरदांड्याच्या अलीकडे, खाडीला पाठ टेकून बसलेलं. मनुबाई माझ्या शेजारची, आणि गावची धवलारीण. लग्नात धवले गायचे, म्हणजे देवांना, पितरांना, सोयऱ्याधायऱ्यांना नाव घेऊन मांडवात बोलवायचं, हे तिचं काम. नवरा ऐन उमेदीत गेला, तरी गावानं तिचा हा मान काढून घेतला नाही. गणपतीपासून सुरू करून ती गावदेवी, वेस, विहीर करत करत नवरीच्या मामाच्या सासूपर्यंत पोचायची. ज्याचं नाव घ्यायचं राहिलं तो मांडवाबाहेर उपाशी उभा राहतो, असं ती मानायची. त्यामुळे एकही नाव विसरायची नाही. माझ्याकडून नेलेली वाटी मात्र हमखास विसरायची.

अलीकडे तिला बोलावणी कमी झाली होती. डीजेच्या भिंतीपुढे एकट्या बाईचा गळा काय करणार? ती संध्याकाळी ओट्यावर बसून आपली आपणच गायची, आणि चूल पेटवताना मी ऐकायची.

तिची भावजय बाळंतपणात गेली, तेव्हा तान्ही क्रांती हिच्या ओटीत आली. ती आता मुरुडला मोबाइलच्या दुकानात कामाला जाते. तिचं लग्न ठरलं हरिहरेश्वरच्या प्रज्योतशी. मुलगा सोन्यासारखा, पण त्याची आई गोदूबाई एक नमुनाच. ती पर्यटकांना खोल्या देते, आणि तिच्या घरात मीठसुद्धा फोनवर लोकांनी किती तारे दिलेत ते बघून आणतात.

सुपारी फुटली त्याच दिवशी गोदूबाईनं सांगून टाकलं, "धवले बिवले नको हां. आमच्याकडं ती रीत ऱ्हायली न्हाय. मुंबईचे पावने येनार, ते हसतील."

क्रांतीचा चेहरा उतरला. रात्रीचं जेवण टाकून ती माझ्याकडे आली. "काकी, आत्यानं बोट धरून मला इतक्या मांडवांत नेलं. आणि माझ्याच मांडवात ती गप्प बसणार? मला नाही चालणार." तिच्या मनात एवढं एकच होतं: आत्यानं आपल्या लग्नात गायचं.

मग तिनं मनुबाईचा ओट्यावर गातानाचा व्हिडिओ काढला आणि नेटवर टाकला. जेमतेम तीसेक लोकांना आवडला, ते सगळे आमच्याच गावचे, आणि त्यात एक मी. गोदूबाईनं बघितलं न बघितल्यासारखं केलं. क्रांतीच्या दुकानात येणारी पोरं लाइक विकत घेतात, ते तिला माहीत होतं. तिनंही घेतले. हॉटेलात थाळी निवडावी तसं एक पॅकेज निवडलं, व्हिडिओची लिंक चिकटवली, फोनवरूनच पैसे भरले. सकाळी बघते तर आठ हजार लाइक.

दुपारी गोदूबाईचा फोन आला. "अगो बाय, एवढी मानसं आयकतात? मंग गाऊ दे की! आमचे पावने शूटिंग करतील."

झालं, प्रश्न मिटला, असं आम्हा दोघींना वाटलं. पण मनुबाई होती ना.

"कोन गो ही मानसं?" तिनं क्रांतीला विचारलं.

"लांबची आहेत आत्या. त्यांना तुझं गाणं आवडलं."

"म्हंजे आयकाया आली. नावं काय त्यांची?"

क्रांतीनं टाळून पाहिलं. पण पाहुणा आला आणि नाव विचारलं नाही, हे मनुबाईच्या हातून कसं व्हावं? शेवटी रोज संध्याकाळी पोर फोन उघडून बसायची आणि वाचायची. वाह्यू. आयगुल. ज्युनियर सिल्वा. कुणी नुयेन, कुणी लिलियाना. कुणाला नावच नाही, नुसते आकडे. त्यांना मनुबाई 'आकडेवाले भाऊ' म्हणायची आणि धवल्यात चालीवर बसवायची.

तिन्हीसांजेला ओट्यावर तिच्याशेजारी बसलं की मलाही कसंसं व्हायचं. भरतीचं पाणी तिवरांच्या झुडपांत शिरत असायचं. पलीकडे दिघीचे दिवे लागायचे, जेट्टीवरून फेरीबोट निघायची आणि मधल्या पाण्यात अर्धी दिसेनाशी व्हायची. मनुबाई गाता गाता थांबायची. "वयनी, ती बघ आली. त्या आयगुलच्या कडंवर पोर हाय. सिल्वाचं पाय भिजलं. ही मानसं भात खात आसतील ना गो?"

एकदा माझं टाळकं सटकलं. क्रांतीनं मला खरं काय ते सांगितलं होतं. मी तिच्या हातातला फोन ओढला आणि मनुबाईच्या नाकापुढे धरला. नावांपुढे फोटोच्या जागी नुसते राखाडी गोल होते. "बघ! तोंडं तरी हायत का यांना?"

तिनं निरखून पाहिलं. "देवाला तरी कुठं हाय?" ती म्हणाली. "आपन सुपारीच मांडतो ना?"

मी तणतणत घरी निघाले. आणि खरं सांगते, जाताना एकदा खाडीकडे वळून पाहिलं. पाण्यावर धुकं होतं, दुसरं काही नाही. पण ते धुकं आमच्या गावाकडेच येत होतं.

लग्न आठवड्यावर आलं आणि एका सकाळी ते आठ हजार गायब झाले. ती व्हिडिओवाली कंपनी अधूनमधून खोटे लाइक झाडून काढते म्हणे. मागे आमचे तीस तेवढे उरले. गोदूबाई या बाबतीत भलती जागरूक. दुपारच्या आत तिचा फोन.

"खोटं दाखवून सोयरीक करता? लगीन व्हईल, पोराचा जीव जडलाय. पन त्या बाईनं तोंड उघडलं तर मी मांडवात पाय टाकनार न्हाय!"

क्रांतीनं रडत रडत आत्याला सगळं सांगितलं. मनुबाई तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला.

"इकत आनलीस?"

"हो आत्या. चुकलं माझं."

"मंग त्यात काय? मलापन लोक लुगडं देऊनच आनतात. म्हनून गानं खोटं व्हतं का माजं?" आणि एक खडा बाजूला टाकत म्हणाली, "पन जाताना कुनी पानी तरी इचारलं का गो त्यांना?"

मला रडूच फुटलं. स्वतःच्या लेकीसारख्या पोरीच्या लग्नात हिचा गळा बंद होणार होता, आणि ही बाई त्या राखाडी गोलांच्या तहानेची काळजी करत होती. देवभोळं असावं माणसानं, पण किती?

तिनं क्रांतीला जवळ घेतलं. "तुजी सासू मांडवात आली पायजे. मी गप बशीन. वऱ्हाड यायच्या आदी, झुंजुमुंजू असताना तेवडं आवतन देते. कुनाला कलायचं न्हाय."

माघातली पहाट होती. मांडवात आम्ही चार बायका, हळदीच्या अंगानं पाटावर बसलेली क्रांती, आणि डीजेवाला पोरगा आपल्या खोक्यांना टेकून घोरत पडलेला. मनुबाईनं पानं मांडली, सुपाऱ्या मांडल्या आणि डोळे मिटून सुरू केलं. गणपती आला, गावदेवी आली, क्रांतीची आई आली. मग तिचा आवाज थोडा खाली उतरला आणि वाह्यू, आयगुल, सिल्वा, आकडेवाले भाऊ, सगळ्यांना तिनं परत बोलावलं. मांडवाला बाजू नव्हत्या. धुकं सरळ आत आलं आणि आमच्या पायांपाशी बसलं. मी सरकून जागा दिली, आता हसा हवं तर.

वळून बघते तर मांडवाच्या तोंडाशी गोदूबाई! वऱ्हाडाची बस पहिल्याच फेरीबोटीत घालून ही बया दिवस उगवायच्या आत हजर झाली होती. हाताची घडी घातलेली, चप्पल पायात, डोळे आग ओकणारे. मनुबाईला खूण करावी तर तिचे डोळे मिटलेले.

आणि गाण्यात ती विहिणीपाशी पोचली होती. प्रज्योतला त्याच्या आईचं माहेर विचारून ठेवलं असणार, कारण तिनं विहिणीला व्याहीबुवांच्या नावानं बोलावलंच नाही. "अंबाजीची लेक, बागमांडल्याची गोदावरी," ती गायली, "ये बाय, मांडवात ये."

गोदूबाईच्या हाताची घडी सुटली. कित्येक वर्षं ती प्रज्योतची आई होती, रूमवाल्या मॅडम होती. बागमांडल्याची गोदावरी अशी हाक तिला कुणी शेवटची कधी मारली असेल, देव जाणे. तिनं चपला काढल्या आणि आत आली.

पावलं वाजली तशी मनुबाईनं डोळे उघडले. विहिणीला पाहून ती गायची थांबली. क्रांतीनं माझा हात घट्ट धरला.

"थांबलीस का?" गोदूबाई म्हणाली. "माजी आय ऱ्हायली ना."

"नाव काय तिचं?" मनुबाईनं विचारलं.

गोदूबाईनं तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिली. तिला नाव येईना. "आमी आयच म्हनायचो," ती पुटपुटली. कपाळ दाबलं, पदराचं टोक चावलं. डोळ्यांतून धारा लागल्या तरी नाव काही येईना. बाहेर वऱ्हाड गोळा झालं होतं. मनुबाईला घाई नव्हती.

"ठकी," शेवटी गोदूबाई म्हणाली. "बाबा तिला ठकी म्हनायचा."

मनुबाईनं आणखी एक पान मांडलं आणि ठकीला बोलावू लागली.