सरूबाईचं पित्त

आमची माय, सरूबाई, पिशोर गावची. देणं तिच्या हाताला चिकटलंय. शेजारणीचं भांडं तिच्याकडून कधी रिकामं जायचं नाय, आणि कुणाचं काही दुखलं की ही आपल्या पुडीतली गोळी काढून देणार. यावरून मी लई वेळा भांडलोय. ऐकंल तर शपथ.

पोट दुखायला लागलं म्हणून तिला शहरात, उस्मानपुऱ्यात माझ्या घरी आणलं. पोटात दुर्बीण घातली, आतला तुकडा तपासला. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. म्हणाले, पोटाचा लिम्फोमा आहे. म्हणजे कॅन्सरच. तर हेच डॉक्टर पुढं म्हणतात, हा एका जंतूमुळं वाढतो, जंतू मारला की बहुतेक वेळा गाठ विरते. तुकड्यातले जनुकही तपासलेत. ज्या बदलामुळं गोळ्या लागू पडत नाहीत, तो यांच्यात सापडला नाही. दोन आठवडे गोळ्या, एकही चुकवायची नाही, मग पुन्हा दुर्बीण. आता मला सांगा, कॅन्सर आणि नुसत्या गोळ्या? रडावं का पेढे वाटावेत, काही म्हणता काही कळंना.

घरी येऊन मी आणि माझ्या बायकोनं, प्रेरणानं, ठरवलं की मायसमोर कॅन्सरचं नाव काढायचं नाय. आमच्यात कोण काढतं? पित्त झालंय म्हणून सांगितलं. ती निवांत झाली आणि माझीच झोप उडाली.

आठवडाभरात तिचं दुखणं थांबलं. एक दिवस बघतो तर गोळ्यांचं पाकीट गायब. विचारलं, तर म्हणाली, "मला बरं वाटलं. राहिलेल्या खालच्या मजल्यावरच्या करुणाला दिल्या. तिलाबी पित्तच हाय बिचारीला."

माझं डोकंच सणकलं. "अगं माय, पित्त नाय ते, कॅन्सर हाय," तोंडातून निघून गेलं. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, अर्धवट सोडलं की जंतू निगरगट्ट होतो, आजच घेऊन या.

माय रडली नाय. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मी म्हटलं, "घाबरू नको, बरं होतं हे." तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. मग हळूच म्हणाली,

"रामकिसन, करुणाला पित्त हाय म्हणून कुणी सांगितलं रे? तिच्या पोरानंच ना?"