मैनाबाईचा अंगठा

तांडापेठेतल्या रेशन दुकानात मैनाबाईनं अंगठा पुढे केला की मागच्या बाया हळहळायच्या, बिचारी, अक्षरशत्रू आहे. आता काय सांगावं त्यांना! याच बाईनं एके काळी साडेतीन वर्षांच्या पोराला वाचायला शिकवलं होतं.

उमरेडला चौथी पास होऊन ती जागेश्वर कोष्ट्याच्या घरात आली. तो मागाच्या खड्ड्यात बसून लुगडी विणायचा आणि ती बाजूला चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. पहिला मुलगा गोविंदा बसायला लागला तो तिच्या चरख्यापाशीच. त्याला रमवायला म्हणून तिनं एक युक्ती काढली. सारवलेल्या जमिनीवर बोटानं खळ लावायची, वर तुटकं लाल सूत चिकटवून अक्षर काढायचं आणि पोराचं बोट धरून त्यावरून फिरवायचं. "हा कोन गा?" ती 'गोविंदा'तल्या 'ग'वर बोट ठेवून विचारी. "मी," गोविंदा म्हणे.

पोट्टा भलताच तल्लख निघाला. शाळेचं तोंड पाहायच्या आधीच दुकानांच्या पाट्या वाचू लागला. जागेश्वर त्याला खांद्यावर बसवून इतवारीच्या बाजारभर मिरवायचा. फक्त सासू, जनाबाई, कुरकुरायची, "एवढ्याशा डोक्याले इतका ताण नको देऊ वं, मैना. मागावरचा ताना जास्त खेचला त तुटते." मैना हसून सोडून द्यायची.

सन सहासष्टच्या उन्हाळ्यात गोविंदाला ताप भरला. उतरेचना. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूत गेला आहे. ग्लानीतही पोर अक्षरंच बडबडत होतं. अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी ते गेलं.

जनाबाईनं एका शब्दानं सुनेला टोचलं नाही. टोचायची गरजच नव्हती. मेंदूत, असं डॉक्टरच म्हणाले होते ना? मैनानं तेवढंच धरून ठेवलं. ज्या डोक्यात आपण अक्षरं कोंबली त्याच डोक्यात ताप शिरला, म्हणजे लेकराला मीच खाल्लं. जागेश्वरनं परोपरीनं समजावलं, "शेजारच्या पोट्ट्यालेही हाच ताप आला होता वं. त्याले कुठं वाचता येत होतं?" पण आईच्या जिवाला असं समजावून पटतं होय? तिनं चरख्यापाशी जमीन पुन्हा सारवून काढली आणि अक्षरांशी उभा दावा मांडला. पुड्याचा कागदसुद्धा न पाहता चुलीत घालायची. सही मागितली की अंगठा.

पुढे सुमती झाली. मैनाबाईनं नवऱ्याला गोविंदाची शपथ घातली, की मला वाचता येतं हे पोरीला कधी कळू द्यायचं नाही आणि शाळेत जाईस्तोवर घरात पाटी आणायची नाही. पोर जगली पाहिजे, बाकी काही नको.

पोर जगली. पण शाळेत मागं पडली ती पडलीच. पहिलीत नापास झाली. छड्या खाऊन लालबुंद झालेले हात घेऊन यायची आणि पुस्तक आईपुढे धरायची, "माय, इथं काय लिहिलं हाये वं?" मैनाबाई दुसरीकडे पाहून म्हणे, "मले नाही येत, बाई." राग येतो हो अशा बाईचा. उत्तर जिभेवर, लेकीचे हात सुजलेले, आणि ही गप्प! पण रात्र रात्र ती त्याच हातांना खोबरेल चोळत रडायची, हेही खरं. आधी भीतीनं गप्प होती. मग पोर जरा मोठी झाली, भीती ओसरली, पण तोवर इतक्या वर्षांचं खोटं गळ्यात अडकून बसलं होतं. आता सांगायचं तर आधी गोविंदाचं सांगावं लागणार. ते तिच्याच्यानं होईना.

सुमती धडपडत, रडत आपली आपणच वाचायला शिकली. तिसरीत असताना शाळेतल्या बाईंनी सांगितलं, ज्यांच्या घरी कोणी निरक्षर असेल त्यांनी त्याला शिकवावं. संध्याकाळी सुमती पाटी घेऊन आईपुढे येऊन बसली.

"माय, बस इथं. आता तुले मी शिकवतो."

मैनाबाईला नाही म्हणता आलं नाही. लेकीनं 'क' काढला. तिनं मुद्दाम वाकडातिकडा गिरवला. सुमतीनं पुसून पुन्हा काढून दिला. वर म्हणाली, "घाबरू नको. मी नाही मारत. मले लय मार बसला वं. माह्यं लेकरू होईन ना, त्याले मी घरीच शिकवीन. शाळेच्या आधी. तीन वर्षाचं झालं की लगेच."

"नको वं!" मैनाबाईच्या तोंडून निसटलं.

जागेश्वरचे हात मागावर थांबले. आता तरी ही बोलेल, असं त्याला वाटलं.

"काहून नको?" सुमतीनं विचारलं.

मैनाबाईनं पाटीवरची पेन्सिल उचलली. "लेकरू लहान राहते," एवढंच ती पुटपुटली.

सुमती हसली. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, अडाणी आईबद्दलची माया होती.

"तुले काय समजते वं त्यातलं?" ती म्हणाली. "तू गिरव."

मैनाबाईनं मान खाली घातली आणि गिरवू लागली.