नरलांडग्याचा उतारा

मी प्रेमकथा लिहिते. माझ्या कथांमधला एखादा नायक रक्त पितो, एखादा पुनवेला लांडगा होतो. हे मी लाजत-बिजत सांगत नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हिंगणघाटला बसनं जाऊन-येऊन बी.ए. केलं आणि पदवीच्या फोटोत आईबाबांना दोन्ही बाजूंना उभं केलं. एवढं शिकल्यावर मी काय लिहायचं ते दुसऱ्यानं ठरवू नये, इतकंच माझं म्हणणं. कथा मोबाईलवरच्या एका ॲपवर जातात, टोपणनावानं; गावाला मात्र त्या माझ्याच हे ठाऊक आहे. वाचणाऱ्या बहुतेक बायाच.

सासर वडनेरजवळ. घरची भाजीपाल्याची वाडी आहे. टमाटे, वांगे आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. सासरे नाहीत, त्यामुळे वाडीचा सगळा कारभार सासूबाईंच्या हातात. दुपारी पाणी चालू असलं की मी मोटारीच्या खोलीपाशी बसते आणि फोनमध्ये बोलून लिहिते. हात चिखलाचे असतात, बोललेलं आपोआप उमटतं. एकदा अशीच रंगात आले होते, "तुझ्या मानेजवळ आलो की मला तहान लागते," आणि वळून पाहते तर मागे सासूबाई डबा घेऊन उभ्या.

"कोणासंग बोलून राह्यली वं?"

"कोणासंग नाई, आई. गोष्ट हाय."

"गोष्टीत मान काऊन?"

मी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. रक्त, दात, चंद्र, लांडगा, काही सोडलं नाही. मला वाटलं, समजलं की शंका जाईल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि डबा ठेवून निघून गेल्या. त्या दिवसापासून त्यांची नजर बदलली. ताटात भात उरला की भाताकडे बघायच्या, मग माझ्याकडे. पुनवेच्या संध्याकाळी मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून चंद्र वर येताना बघायची. घरी आले की त्या दारातच असायच्या, आणि काही विचारायच्या नाहीत. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

एकदा मीच विचारलं, "आई, पुनवेले माणसाले काही होते का?"

"पुनवेले काय होईन? जे होते ते अवसेले."

खरंच आहे. आमच्याकडे भीती सगळी अवसेची. अवसेला बैल जुंपत नाहीत, दाराला लिंबू-बिब्बा बांधतात. पुनवेचा चंद्र म्हणजे लेकरांचा मामा आणि कोजागिरीचं दूध. अशा मामाची भीती वाचकांना कशी घालावी हे मला बरेच महिने सुचत नव्हतं. मग वाटलं, अवसेला सगळेच सावध असतात, पुनवेला कोणीच नसतं. ज्याचा संशय येत नाही त्याच्याकडूनच घात होतो. माझा नरलांडगा मी तिथंच उभा केला आणि त्या कथेवर वाचणाऱ्यांच्या उड्या पडल्या.

अशात टमाट्याच्या मोठ्या तोड्याचा दिवस आला. माल लाल झालेला, गाडी सांगून ठेवलेली. सकाळी तोडणाऱ्या बाया आल्या आणि वाडीच्या तोंडाशीच थबकल्या. पहिल्या वाफ्यापाशी पत्रावळ होती. तिच्यावर भात, हळदकुंकू, कापलेलं लिंबू, बिब्बे, आणि वर एक जांभळी चिंधी. उतारा, बाधा झालेल्यावरून ओवाळून टाकतात तो; ओलांडेल त्याला बाधा लागते म्हणतात. चिंधी माझ्या जुन्या ओढणीची होती. मी ओळखली, आणि बायांनीही.

"मी नाई बा जात आतमंदी," सगळ्यांत म्हातारी बाई म्हणाली. "माया घरी लहान नातू हाय."

"सूनबाई, तुमची ते रगत पेयाची गोष्ट माया पोरीनं वाचली म्हणे. तेच मांडलं का इथं?" दुसरी म्हणाली.

"आमचं नका पेऊ बापा. आमच्या अंगात हायेच कुठं?" तिसरी म्हणाली.

हसल्या सगळ्या. पण उताऱ्याच्या पुढं पाऊल कोणी टाकेना.

नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "खरं सांग. फोटोसाठी मांडलं का तू?"

मागे एकदा कथेच्या चित्रासाठी मी खिडकीत लसणाची माळ टांगून फोटो काढला होता, ते त्याला आठवलं असणार.

"म्या नाई मांडलं."

"मंग चिंधी तुयी काऊन?"

तेच मलाही कळत नव्हतं. कोणीतरी माझ्यावर करणी केली की काय, असं बी.ए. झालेल्या माझ्याही मनात येऊन गेलं. मी एकेक चेहरा बघत गेले. ती ओढणी जुन्या कपड्यांच्या ढिगात होती. पोत्यांची तोंडं बांधायला ही नातवाची म्हातारी त्या ढिगातल्या चिंध्या नेते. तिचं काम असेल? नवऱ्यालाही माझं लिहिणं पहिल्यापासून खुपतं. मला घाबरवायला त्यानं केलं असेल? बाया माझ्याकडे बघत होत्या, मी बायांकडे, आणि ऊन वर चढत होतं.

सासूबाई मात्र पाठमोऱ्या बसून कॅरेट पुसत होत्या. एक टमाटा फुटला तरी बांधभर आवाज करणारी ही बाई त्या सकाळी एक शब्द बोलली नव्हती. वाडीच्या तोंडाकडे त्यांनी मान म्हणून वळवली नाही. उताऱ्याचा नियम आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतो. ज्यानं ठेवला त्यानं मागे वळून बघायचं नाही आणि कोणाला सांगायचं नाही. सांगितलं की उतारा फुकट.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "आई, तिकडं पाहा ना एकदा."

"काऊन पाहू?"

"पाहा तर."

त्यांनी आणखी एक कॅरेट ओढलं. माझी शंका तिथं पक्की झाली. पण मी ते तोंडानं बोलले नाही. मी बोलले असते तर सगळ्यांना वाटलं असतं, स्वतःचं झाकायला सासूवर ढकलते.

इतक्यात नवऱ्यानं सगळ्यांसमोर हात पुढं केला. "फोन दे. आताच्या आता काढून टाक ते सगळं. गावात तोंड दाखवाले जागा नाई ठेवली."

त्या फोनमध्ये माझं सगळं लिहिलेलं होतं. "देत नाई," मी म्हटलं.

"दे म्हणलं ना!"

"देऊ नको वं," सासूबाई म्हणाल्या.

त्या उठल्या, वळल्या, सरळ पत्रावळीपाशी गेल्या आणि तिच्याकडे डोळे भरून बघितलं. "म्या ठेवला. हे निजली होती तवा हिच्यावरून उतरवला. पोरगी जेवत नाई, चंद्राकडं पायते, माना न् रगत बोलते. मले वाटलं, लागलं काही. तिठ्यावर ठेवाचा होता, तिथं कुत्रे अंगावर येऊन राह्यले होते. म्हणून इथंच ठेवला."

"अवं माय! सांगून टाकलं तुमी?" म्हातारी कपाळाला हात लावून म्हणाली. "गेला ना फुकट!"

"गेला त गेला."

त्यांनी पत्रावळ स्वतःच्या हातानं उचलली आणि नाल्यात टाकून आल्या. बाया आत गेल्या. नवऱ्यानं माफी वगैरे मागितली नाही. माझ्या हातातलं भरलेलं कॅरेट घेतलं आणि गाडीत चढवलं, तेवढंच.

दुपारी आम्ही दोघीच आंब्याखाली बसलो होतो.

"उतारा त गेला," त्या म्हणाल्या. "जे लागलं ते लागूनच राह्यलं तुले."

"राहू द्या, आई."

"राहू देतोच आता. काय करतो?" मग म्हणाल्या, "तो लांडगा पोरीले खाते का शेवटी?"

"नाई. लगन करते तिच्यासंग."

"आन् पुनव आली म्हणजे?"

"स्वतःच स्वतःले साखळीनं बांधून घेते तो."

"घरात सासू हाय तिले?"

"नाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, तसंच, जुन्याच नजरेनं. "मंग साखळी नीट बांधली का नाई, हे कोण पायते?"