ब्राउझरवरचं बारसं

आधीच सांगते, मी या गूढ-बिढ गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. इथे ग्रुपवर लोकांनी लिहिलेले अनुभव वाचते, मजा येते, आणि मग निवांत झोपते. पण गेल्या वर्षी आमच्याच घरात जे झालं ते... घाबरायचं काही नाही हं! उलट त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो होतो.

आम्ही बदलापूर पश्चिमेला, बेलवलीत राहतो. माझा धाकटा भाऊ महेश जर्मनीत असतो. त्याला मुलगी झाली. मी एकुलती एक आत्या, म्हणजे कानात नाव सांगायचा मान माझा! व्हिसाचं जमेना, तेव्हा ठरलं — व्हिडिओ कॉलवर बारसं.

नेमका माझा फोन पाण्यात पडला. तो उल्हासनगरला रिपेअरला, आणि दुकानवाला रोज "दीदी, कल पक्का" म्हणतोय. आई माझ्याकडेच राहते, पण तिच्याकडे बटणांचा फोन. राहिला हॉलमधला जुना कॉम्प्युटर. त्याला वायफाय नाहीच, राउटरची वायर थेट मागे खोचलेली. आणि स्लो इतका, की लाइट बिलाचं पेज उघडेपर्यंत चहा उकळून ओतून व्हायचा.

शनिवारी दुपारी आई जरीची साडी नेसून स्क्रीनसमोर बसली. मी महेशची लिंक उघडली... गोल फिरतंय, फिरतंय. तिकडे पाळणा सजलेला असणार, पाहुणे जमलेले असणार. मला रडूच यायला लागलं.

"वैशू, रडतेस काय? तुझ्या हाताला यश आहे, बघ काहीतरी," आई म्हणाली.

मी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये शिरले. साठलेला कॅशे साफ केला. कुठली कुठली एक्स्टेन्शन्स होती, कुपनची, हवामानाची — सगळी काढली. आपोआप उघडणारे टॅब बंद. पेज आधीच लोड करून ठेवायचा एक पर्याय दिसला, तो चालू केला. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला, लिंकवर क्लिक केलं आणि —

फटकन पेज उघडलं! महेश समोर!

"ताई! काय क्लिअर दिसतेयस गं! शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखी!"

खरंच, ना चित्र अडकलं, ना आवाज तुटला. महेशने स्पीकर बाळाच्या कानाशी धरला. मी वाकून "कुर्रर्र..." केलं आणि नाव सांगितलं — सई. मागून आईने पाठीत असा धपाटा घातला की माझं कपाळ स्क्रीनवर आपटलं. तिकडची सगळी मंडळी खो खो हसली, आणि सई... तीही बोळकं पसरून हसली. आईने पूर्ण पाळणा म्हटला. गालावर पाणी, तोंडावर हसू.

कॉल संपला आणि अंबरनाथच्या कंपनीतून नितीन, माझे मिस्टर, घरी आले. चपला काढता काढता म्हणाले, "बारसं राहिलं ना? वाईट वाटलं गं."

"राहिलं कशाला? झकास झालं!"

"कसं शक्य आहे? गेटपाशी गटाराचं खोदकाम चाललंय, सकाळीच केबल तुटली. वॉचमन सांगत होता, अख्ख्या बिल्डिंगचं नेट बंद आहे."

मी हसले. त्यांनी राउटर दाखवला. लाल दिवा. मी पुन्हा लिंक उघडली, तर इंटरनेट नाही असा मेसेज. समोरच्या काकूंना विचारलं. त्यांची मुलगी घरूनच ऑफिसचं काम करते, ती सकाळपासून नेटसाठी हात चोळत बसली होती.

संध्याकाळी केबलवाला वायर जोडून गेला. नेट आलं... आणि कॉम्प्युटर पुन्हा तसाच स्लो! सेटिंग सगळी मी केलेलीच, तरी.

नितीन अजून म्हणतात, पेज आधीच लोड होऊन बसलं असेल. असेल एक वेळ. पण माझा आवाज ऐकून हसणारी भाची आधीच कशी लोड होईल? आणि आम्हाला भास झाला म्हणावं, तर महेशकडे सगळं रेकॉर्डिंग आहे. कपाळ आपटण्यासकट.

आईला या कशाचं काहीच वाटलं नाही. "आत्याचा मान होता, झाला," म्हणाली आणि घुगऱ्या वाटायला शेजारी गेली.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दोघांना विचारून झालं. दोघांनी माझ्याकडेच विचित्र नजरेने पाहिलं. इथे कोणी जाणकार असेल तर जरूर सांगा, मला अजून काही उलगडा नाही. एवढं मात्र खरं, की महेशने परवा व्हिडिओ कॉलवर मला हाक मारायला लावलं, आणि मी इथून "सई" म्हटल्याबरोबर ती तिथे गर्रकन वळली.