मी बुजवलेली फट

फाटक रंगवून निळा रंग उरला, म्हणून शेजाऱ्यांच्या दाराशी टांगलेल्या चित्रातल्या अक्षराची एक फट मी बुजवून टाकली. शेजारधर्म!

हे विश्रामबागेतले आमचे शेजारी ज्यू. हिब्रू अक्षरांची चित्रं काढतात आणि काढताना अक्षरांशी, पाहुण्यांशी बोलावं तसं बोलतात, "बसा, जरा ऐसपैस बसा."

"आवं, ती फट मुद्दाम ठेवलीया," ते म्हणाले. "हे अक्षर म्हंजे दार. खालनं उघडं, उंबरा न्हाई, रागानं जाणारा खुशाल जातो. पण परतावंसं वाटलं, तर ह्या वरच्या फटीतनं आत येतो. आमची जुनी माणसं असं सांगायची."

मी ब्रश पाठीमागे लपवला. त्यांचा मुलगा भांडून साताऱ्याला गेलेला, रविवारी पहिल्यांदाच घरी येणार होता. चित्र त्याच्यासाठी होतं.

त्यांनी चिंधीवर टर्पेंटाइन घेतलं आणि माझा रंग हलकेच पुसला. कडेला थोडा निळा राहिलाच. मान तिरकी करून बघत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आता फट लांबनं दिसती."

घरी येऊन मी हे जरा ऐटीतच सांगितलं. बायको म्हणाली, "रविवारी तो येईल तेव्हा तुम्ही घरातच बसा. आणि तो ब्रश माझ्याकडे द्या."